पोटॅश की टीईए: साबणी फेसवॉशमध्ये अल्कली कोणती घ्यावी?

साबणाच्या बेसवरचा, ट्यूबमधला क्रीमी फेसवॉश करायचं ठरलं, मिरिस्टिक-स्टिअरिक या फॅटी ॲसिडांचं प्रमाणही जमत आलं, की गाडी अडते ती अल्कलीपाशी, म्हणजे या ॲसिडांचा साबण करणाऱ्या पदार्थापाशी. कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घ्यायचं की ट्रायइथेनॉलअमाइन, म्हणजे टीईए? मी वर्षभर टीईएवर बॅचेस काढल्या आणि मग पोटॅशवर आलो. तुमची गरज वेगळी असू शकते, म्हणून दोन्हींबद्दल सांगतो.

टीईए सुरुवातीला फार आवडतं. द्रव असल्यामुळे मोजायला सोपं आणि गरम फॅटी ॲसिडमध्ये सावकाश मिसळणारं. माझ्या बॅचेसचा पीएच साडेआठच्या आसपास राहायचा. पोटॅशचा साडेनऊच्या पुढे जातो. चेहरा धुतल्यावरची ओढही टीईएत कमी वाटली आणि थंडीत ट्यूब घट्ट होत नव्हती. मात्र लागतं भरपूर. 22.8 ग्रॅम मिरिस्टिक पूर्ण न्यूट्रलाइझ करायला शुद्ध पोटॅश 5.6 ग्रॅम पुरतं, टीईए 14.9 ग्रॅम. प्रिझर्वेटिव्ह निवडतानाही जपावं लागतं: टीईएत डायइथेनॉलअमाइनचा अंश असू शकतो, त्यामुळे नायट्रोसामाइन या कर्करोगकारक संयुगांच्या धोक्यापायी नायट्राइट सोडणारं ब्रोनोपॉल टाळावंच.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला नकोसा झाला तो रंग. डिसेंबरात पांढरीशुभ्र भरलेली बॅच एप्रिलमध्ये सायीच्या रंगाची झाली आणि जूनमध्ये दुकानदाराने ट्यूब परत पाठवल्या, “माल जुना दिसतोय” म्हणून. फेस तसाच, वासही तसाच. पण गिऱ्हाईक तळहातावर पिवळट क्रीम घेऊन बघतं, तेव्हा त्याला काय समजावणार? आधी संशय सुगंधावर गेला, म्हणून व्हॅनिलिन नसलेला घेतला. मग लोखंडाचा अंश बांधून ठेवायला ईडीटीए घातलं, भांडी स्टीलची केली. पिवळेपणा उशिरा यायला लागला, पण यायचा थांबला नाही. टीईए उष्णतेत आणि हवेत हळूहळू रंग धरतं, हा त्याचा स्वभावच आहे.

पोटॅश मात्र हातात येईपर्यंत छळतं. फ्लेक्स हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतात. 85 टक्के शुद्धतेचा माल धरला तर वरच्या 5.6 ग्रॅमचे 6.6 होतात आणि पोतं उघडं राहिलं की तोही हिशेब चुकतो. म्हणून दर वेळी टायट्रेशन करायचं, म्हणजे मालात खरी अल्कली किती ते मोजायचं. स्टिअरिक म्हणून घेतलेल्या मालात पामिटिक हे दुसरं फॅटी ॲसिड असतंच, तेव्हा ॲसिड व्हॅल्यू (एक ग्रॅम ॲसिडला किती मिलिग्रॅम पोटॅश लागतं तो आकडा) सर्टिफिकेटवरून घ्यावी. मी सगळं ॲसिड न्यूट्रलाइझ करत नाही, दहा-पंधरा टक्के मोकळं ठेवतो. त्यामुळे फ्री अल्कलीने चेहरा चुरचुरायची भीती राहत नाही. 75-80 अंशांवर पोटॅशचं पाणी धार धरून सोडलं की माल एकदम फुगून जेलसारखा घट्ट होतो आणि स्टरर कण्हायला लागतो. तिथे घाई केली तर हवा आत अडकते. पन्नासच्या खाली उतरताना भांड्याच्या कडेला मोत्यासारखी झाक दिसायला लागते, ते साबणाचे स्फटिक. त्या वेळी ढवळणं मंद ठेवायचं.

पोटॅशची खरी परीक्षा उन्हाळ्यात. अकोल्याला मे महिन्यात गेलेला माल ट्रकमध्ये वितळला आणि गार होताना रवाळ झाला. ट्यूब दाबली की आधी पाणी, मग गोळा. पण हे सुधारता आलं. लॉरिक ॲसिड कमी केलं, स्टिअरिक थोडं वाढवलं, माल एकजीव ठेवायला ग्लिसरिल मोनोस्टिअरेट घातलं. आता ओव्हनमध्ये 45 अंशांवर महिनाभर ठेवून, मध्येमध्ये थंड करून बघितल्याशिवाय फॉर्म्युला पक्का करत नाही.

बोअरवेलच्या जड पाण्यात दोन्हींचा चोथा होतो, तिथे फरक धरू नका. फोमर पंपाच्या बाटलीत पातळ, पारदर्शक माल हवा असेल, तर टीईएच घ्या असं मी अजूनही म्हणेन. तिथे हलकी पिवळी छटा कुणाला खटकत नाही. पांढऱ्या क्रीमच्या ट्यूबसाठी मात्र मी पुन्हा टीईएकडे वळेन असं वाटत नाही. शंका असेल तर दोन्हींचे नमुने काचेच्या कुप्यांत भरून उन्हाच्या खिडकीत ठेवा, शेजारी पांढरा कागद ठेवा आणि दर आठवड्याला बघा.