बशी-फवारा की ओली पॅलेट?

अ‍ॅक्रिलिकच्या ट्यूब घेऊन झाल्या, ब्रश आले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात लक्षात येतं की पिळलेला रंग चित्र अर्धं व्हायच्या आत वाळतो. मग दोन सल्ले मिळतात. चिनीमातीची पांढरी बशी घे आणि अधूनमधून पाण्याचा फवारा मार, हा एक. दुसरा म्हणजे ओली पॅलेट: खाली भिजलेला स्पंज, त्यावर बेकिंग पेपर आणि त्यावर रंग. मी दोन वर्षं बशीवर काढली, आता तीन वर्षं ओल्या पॅलेटवर आहे. तुमची खोली आणि तुमचा हात वेगळा असेल, तेवढं गृहीत धरून वाचा.

आपल्याकडे बशीकडे ओढा असतो, त्याला कारण आहे. चित्रकार के. बी. कुलकर्णींनी बेळगावात विद्यार्थी घडवले, पुढे नावाजलेले चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. त्या गावात आमच्यासारख्यांच्या हातात शाळेपासून जलरंगच आले. जलरंगाची वडी कितीही वाळली तरी ओला ब्रश फिरवला की रंग सुटतो. अ‍ॅक्रिलिकमध्ये नेमकी हीच सवय नडते. त्यातलं पाणी उडून गेलं की आतले प्लास्टिकचे बारीक कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. फवारा मारायचा तो रंग ओला असतानाच. तोही धुक्यासारखा बारीक हवा. मोठे थेंब पडले की रंग पसरतो आणि शेजारच्या रंगात जातो.

बशीचे गुण मात्र खरे आहेत. पांढऱ्यावर रंग जसा आहे तसा दिसतो. घट्ट रंग सुरीने उचलता येतो, कागद फाटायची भीती नाही. आणि वाळलेली बशी कोमट पाण्यात बुडवून ठेवली की नखाने पापुद्रा अख्खा सुटून येतो. तो मोरीत सोडू नका, कचऱ्यात टाका.

माझं मन फिरलं ते निपाणीत, बहिणीकडे. एप्रिलचा महिना, वर पंखा. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा उतार रंगवत होतो. अल्ट्रामरिन, यलो ऑकर आणि किंचित बर्न्ट सिएना कालवून वाळक्या गवताखालचा जो हिरवा हवा होता, तो बऱ्याच वेळाने मिळाला. फवारा मारला आणि जेवायला गेलो. परत आलो तर रंगावर दुधासारखी साय. ब्रशने बाजूला करायला गेलो तर ती फाटली, तिचे तुकडे ब्रशला लागले आणि तिथून आभाळात गेले. ओल्या निळ्यात हिरव्या कातडीचे कण. ते चिमट्याने काढत बसलो.

साय एकवेळ सोसली असती. तोच हिरवा पुन्हा जमला नाही, हे जास्त लागलं. ओल्या अ‍ॅक्रिलिकमधला बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा तो प्लास्टिकचा भाग, दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून रंग वाळताना गडद होतो. वाळलेल्या उतारासमोर ओला हिरवा धरून जुळवला, तर वाळल्यावर तो ठिगळासारखा उठून दिसतो. त्या संध्याकाळी तीनदा कालवला, तिन्ही वेळा चुकला. (आता कागदाच्या तुकड्यावर ठिपका लावून, वाळवून मगच ताडून बघतो. बशी वापरा नाहीतर पॅलेट, हे करायचंच.)

ओल्या पॅलेटचं मोल मला इथे वाटतं. ट्यूबमधला रंग पुन्हा पिळता येतो, कालवलेला रंग तसा परत मिळत नाही. पॅलेटला झाकण लावलं की तो दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. माझी पॅलेट म्हणजे कुंद्याचा रिकामा, चपटा प्लास्टिकचा डबा. तळाशी भांडी घासायचा पातळ स्पंज, वर दोन्ही बाजूंनी ओला केलेला बेकिंग पेपर, खालची हवा तळव्याने बाहेर काढलेली. डबा तिरका धरल्यावर कोपऱ्यात पाणी साचलं तर ते ओतून टाकायचं. नाहीतर संध्याकाळपर्यंत रंगाचं सार होतं. मेणाचा कागद चालत नाही, खालची ओल वर येत नाही.

खोट आहे, नाही असं नाही. जाड थर देणाऱ्याला इथला रंग सैल वाटेल. आणि पावसाळा! जुलैत बेळगावात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिकडे खानापूरला तर विचारायलाच नको. तेव्हा बंद डब्यातल्या स्पंजला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुबट वास येतो. मी रोज रात्री पाणी बदलतो, रविवारी स्पंज उकळतो. हा व्याप नको असेल तर जून ते सप्टेंबर बशी पुरेशी आहे, त्या हवेत रंग तसाही सावकाश वाळतो.

रिटार्डर, म्हणजे रंग सावकाश वाळावा म्हणून त्यात मिसळायचं द्रव्य, तोही घालून बघितला. प्रमाण जरा जास्त झालं आणि पावसाळ्यात एकावर एक ठेवलेली दोन चित्रं चिकटली. तेव्हापासून बाटली कपाटातच आहे. शिवजयंतीच्या चित्ररथाचे पडदे रंगवणार असाल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. तिथे घट्ट झाकणाचे डबे घ्या आणि रंग एकदाच भरपूर कालवून ठेवा.

पण घरात, टेबलावर, आठवडाभर एकच चित्र करत असाल, आणि त्यातही निपाणी-चिकोडी-अथणीच्या कोरड्या बाजूला, तर मी ओल्या पॅलेटकडे झुकेन. तयार पॅलेट लगेच विकत घेऊ नका. आधी डब्यात आठ दिवस करून बघा. डबा दोन बोटं खोल हवा आणि झाकण आतून रंगाला टेकता कामा नये.