निळी बाटली आणि 'आरओ'चं पाणी

खाऱ्या पाण्याची माशांची टाकी नव्यानं लावलीय आणि पांढऱ्या वाळूवर तपकिरी भुकटी दिसायला लागलीय? मग दुकानात धावण्याआधी हे वाचा. मी धावलो होतो.

तीन फुटी टाकी, १८० लिटर पाणी. दुकानदारानं मीठ, दगड, दिवे दिले, वर 'आरओ'च्या पाण्याचे वीस लिटरचे नऊ जार, १२ रुपये लिटरनं. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल कशाला साहेब, आपलंच दुकान समजा." समजलो.

महिनाभरात वाळू, दगड, काच सगळं तपकिरी. काच पुसावी, तर संध्याकाळपर्यंत बोटानं रेघ ओढता येईल इतका थर पुन्हा. हे डायटम, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ. नव्या टाकीत ते बहुतेक येतातच. पाण्यातल्या सिलिकेटवर वाढतात आणि ते संपलं की काही आठवड्यांत आपसूक ओसरतात. दुकानदारानं मात्र "टाकी आजारी पडलीय" असं सांगून लेबल खरवडलेली निळी बाटली ६५० रुपयांना गळ्यात मारली.

रात्री दहा थेंब टाकले. सकाळी पाचही गोगलगायी काचेवरून गळून पडलेल्या. क्लीनर कोळंबी दगडाआड आडवी, पाय तेवढे हलत होते. क्लाउनफिश मात्र मजेत, म्हणून औषधावर संशयच आला नाही. त्या रात्री आणखी दहा थेंब टाकले (हे लिहितानाही लाज वाटतेय).

उलगडा झाला तो निफाडच्या मामांमुळे. द्राक्षबागेसाठी बोर्डो (मोरचूद आणि चुन्याची फवारणी) कालवण्यात त्यांची हयात गेली. बाटली उजेडात धरून म्हणाले, "अरे, हे तर मोरचुदाचं पाणी दिसतंय." मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार. तांब्याचं टेस्ट किट आणलं, रंग चढला. तांबं शेवाळ मारतं खरं, पण गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ यांना त्याचा थोडासा अंशही पुरतो. मासे त्या मानानं तग धरतात. शिवाय दगड आणि वाळू ते शोषून घेतात आणि पुढे कित्येक दिवस पाण्यात सोडत राहतात. नऊ हजारांचे दगड फेकून दिले.

एवढं करून शेवाळ गेलं का? छे! तपकिरीच्या जागी हिरवे केस आले. शेवटी तीनशे रुपयांचं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) घेतलं आणि दुकानातून आणलेल्या जारमध्ये बुडवलं: ३८०. टाकीसाठीचं आरओ-डीआय (क्षार काढून टाकलेलं) पाणी शून्याच्या आसपास हवं. टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, पण त्यातलं बाकी सगळं आतच राहतं. म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी जारमधलं ओतून मी रोज भर घालत होतो ती शेवाळाच्या खुराकाची.

मीटर खिशात घालून दुकानात गेलो. समोरच्या जारचं झाकण उघडतोय तोच तो गडबडीनं उठला: "साहेब, ते नको, ते फरशी पुसायचं आहे." त्याच जारवर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'आरओ, १२ रु.'