नाथसागराच्या काठावर व्ही-क्रॉस: टू-व्हील की फोर-व्हील?

पैठणच्या नाथसागरात फायबरची नाव ट्रेलरवरून उतरवण्यासाठी इसुझू व्ही-क्रॉस या पिकअप गाडीचे दोन्ही प्रकार वापरून पाहिले. टू-व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनाचा जोर केवळ मागच्या चाकांना मिळतो आणि ट्रेलर मागे घेताना नेमकी तीच चाके ओल्या काठावर येतात; धरण भरलेले असताना मुरमाड उतारावर हे चालून जाते, पण उन्हाळ्यात पाणी मागे हटून काळ्या मातीचा गाळ उघडा पडला की नाव वर ओढताना ती जागीच फिरू लागतात. फोर-व्हीलमध्ये कोरड्या जमिनीवरची पुढची चाकेही ओढतात, शिवाय लो रेंजमुळे (कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) गाडी सावकाश, झटके न देता वर येते. किंमत जास्त आहे खरी. तरी उन्हाळ्यातही नाव उतरवणाऱ्याने हीच घ्यावी, मात्र टायर झिजलेले असतील तर हीसुद्धा रुतते.