साताऱ्यात स्केटबोर्डला कोणती चाकं: लहान कडक की मोठी मऊ?

स्केटबोर्ड घेताना बहुतेक जण फळीवरचं चित्र बघतात. माझ्या मते आधी चाकांवरचे दोन आकडे बघावेत: मिलिमीटरमधला व्यास आणि 'ए' मापातला कडकपणा (आकडा मोठा, तितकं चाक कडक).

५२ ते ५४ मिमी, ९९ए ही झाली लहान कडक चाकं. वजनाला हलकी, फळी जमिनीजवळ ठेवणारी, हवी तेव्हा घसरणारी. ऑली, किकफ्लिपसारख्या बोर्डासकट मारायच्या उड्या शिकायच्या तर हीच, पण जागा गुळगुळीत हवी: बास्केटबॉलचं काँक्रीट मैदान किंवा सोसायटीचं पार्किंग.

गोडोली, सदरबझारच्या गल्ल्यांत मात्र डांबर झिजून खडी वर आली असेल तर कडक चाक प्रत्येक खड्यावर आपटतं. हादरा थेट गुडघ्यापर्यंत येतो, वेगही मरतो. एखादा मोठा खडा आला की चाक जागीच थांबतं आणि आपण पुढे जातो! ६० मिमी, ७८ए चं मऊ चाक तोच खडा स्वतःत दाबून घेत वरून निघून जातं. आवाज कमी, पकड जास्त. मोठं असल्यामुळे वेग घ्यायला थोडं जड, पण एकदा घेतला की टिकतो. फक्त वळताना ते फळीला घासू शकतं. तसं झालं तर अचानक ब्रेक लागतो, म्हणून ट्रक (चाकं जोडलेला धातूचा भाग) आणि फळी यांच्यामध्ये रायझर पॅड, म्हणजे फळी उचलणारी जाड पट्टी, बसवा.

बेअरिंग दोन्हींना सहसा तेच, ६०८ मापाचं. त्यामुळे जुनंच चालतं.

फिरायला, क्लासला जायला बोर्ड हवा असेल तर मऊच घ्या. यवतेश्वरच्या घाटउतारावर मात्र कुठल्याच चाकांवर जाऊ नका, आणि हेल्मेट विसरू नका.