मुरुमांवर सॅलिसिलिक ॲसिड की बेन्झॉईल पेरॉक्साइड?

आधी आरशात नीट बघा. नाकावर, हनुवटीवर बारीक काळे-पांढरे ठिपके असतील तर सॅलिसिलिक ॲसिड घ्या. ते तेलात विरघळतं, त्यामुळे रंध्रात शिरून साचलेला मळ सैल करतं. २ टक्क्यांचा फेसवॉश रात्री एकदा पुरे.

लाल, दुखरे, पू धरलेले फोड असतील तर बेन्झॉईल पेरॉक्साइडच सरस. ते जंतू मारतं, आणि जंतूंना त्याची सवय होत नाही. सुरुवात २.५ टक्क्यांच्या जेलने करा. १० टक्क्यांच्या जेलने गुण फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाला की मटारच्या दाण्याएवढं जेल, फोड येतात त्या सगळ्या भागावर पातळ लावा. पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून. उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरेच ठेवा, रंगीत कापडाचा रंग उडतो.

दोन्ही एकदम सुरू केली की कातडी सोलते आणि लोक वैतागून सगळंच सोडतात. फरक दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात, तेवढा धीर धराच. मेडिकलमधून परस्पर आणलेलं स्टेरॉइडचं क्रीम मात्र चेहऱ्याला अजिबात लावू नका. त्याने मुरुम आणखी उठतात. खोल, दुखऱ्या गाठी असतील तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.