सीबीटी-ई: बोलण्याचा उपचार, पण जोर घड्याळावर

सीबीटी-ई म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या सीबीटी या मानसोपचाराची सुधारित आवृत्ती. बुलिमियासारख्या (आवरेनासं अति खायचं, मग उलटी किंवा जुलाबाने ते भरून काढायचं) खाण्याच्या विकारांसाठी ऑक्सफर्डमध्ये मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेली ही पद्धत. बसून मन मोकळं करायचं, अशी अपेक्षा ठेवून गेलात तर पहिला महिना कोरडा वाटेल. तरी आमच्या मते सगळ्यात मोलाचा महिना तोच.

एकूण 20 आठवडे, 20 सत्रं, प्रत्येकी 50 मिनिटं. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा, शेवटची तीन पंधरा-पंधरा दिवसांनी. वजन बरंच कमी असेल तर सत्रं 40 पर्यंत जातात.

खाल्लं की लगेच लिहायचं: वेळ, पदार्थ, जागा, अति झालं असं वाटलं तर चांदणीची खूण, उलटी केली किंवा जुलाबाची गोळी घेतली तर तेही, आणि तेव्हा मनात काय होतं. कॅलरी नाही. रात्री आठवून भरलेल्या वहीचा उपयोग नाही. अतिखाण्याआधी नेमकं काय घडलं, तेच त्यात निसटतं.

मग तीन जेवणं आणि दोन-तीनदा मधलं खाणं, भूक असो-नसो, चार तासांहून मोठं अंतर न ठेवता. कारण शारीरिक आहे. बुलिमियात जेवणानंतर तृप्तीचा इशारा देणारं सीसीके हे संप्रेरक कमी सुटतं, आणि पोट रिकामं व्हायलाही अनेकांना वेळ लागतो. म्हणजे भूक आणि पोट भरल्याची जाणीव, दोन्ही सध्या भरवशाच्या नाहीत. सुरुवातीला पोट फुगतं, त्यालाच ‘वजन वाढलं’ समजून लोक सोडून देतात. जुलाबाच्या गोळ्या थांबवल्यावर काही दिवस अंगात पाणी धरतं, तेही चरबी नव्हे. (आपल्याकडे चतुर्थी-एकादशीचा उपवास हा चार तासांचा नियम मोडायचं सभ्य निमित्त ठरतो. पहिल्या सत्रातच बोलून घ्या.)

वजन आठवड्यातून एकदा, सत्रातच. एका आकड्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, चार आठवड्यांचा कल बघायचा. रुग्ण नाराज होईल म्हणून काही थेरपिस्ट हे टाळतात. तिथे उपचाराचा कणाच निघून जातो.

2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोपनहेगनच्या चाचणीत बुलिमियाचे 70 रुग्ण होते. पाच महिन्यांनी या पद्धतीतल्या 42 टक्क्यांचं अतिखाणं आणि उलट्या थांबल्या होत्या. दोन वर्षं चालणाऱ्या मनोविश्लेषणाच्या गटात तेव्हा 6 टक्क्यांच्या. अर्थात या पद्धतीतही निम्म्याहून जास्त लोकांचा त्रास पूर्ण थांबला नव्हताच.

मेंदू ‘रीवायर’ करून देतो, अशा जाहिरातीवर पैसे घालू नका. ॲनोरेक्सियात (खाणं तोडून वजन धोकादायक घटण्याचा विकार) आक्रसलेला मेंदूतला करडा भाग बऱ्याच अंशी भरून येतो, पण पोषण आणि वजन सावरल्यावर. नुसत्या गप्पांनी नाही.

वारंवार उलट्या होत असतील तर आधी डॉक्टरांकडून पोटॅशियमची रक्ततपासणी आणि ईसीजी करून घ्या. पोटॅशियम घसरलं तर हृदयाची लय बिघडते. थेरपिस्टला फोनवरच विचारा: वही रोजची का, वजन सत्रात का, पहिल्या महिन्यात आठवड्याला दोन भेटी का? तिन्हींना ‘हो’ नसेल, तर फलकावर सीबीटी-ई लिहिलेलं असलं तरी दुसरीकडे चौकशी करा.