पीडीबी की अल्फाफोल्ड? प्रथिनाची रचना कुठे शोधायची

प्रोजेक्टसाठी प्रथिनाची त्रिमितीय रचना हवी म्हटलं की हल्ली मुलं थेट अल्फाफोल्डचा, म्हणजे प्रथिनांच्या रचनांचा अंदाज बांधणाऱ्या एआय प्रणालीचा डेटाबेस उघडतात. साहजिकच आहे. तिथे २० कोटींहून जास्त रचना आहेत, तर १९७१ साली अवघ्या ७ रचनांवर सुरू झालेल्या पीडीबीत (प्रोटीन डेटा बँक) दोन लाखांहून जास्त. फक्त पीडीबीतल्या रचना प्रयोगशाळेत मोजलेल्या आहेत आणि अल्फाफोल्डमधल्या संगणकाने अंदाजाने बांधलेल्या.

विदर्भात सिकलसेल कुणाला नवा नाही, म्हणून हिमोग्लोबिनच घेऊ. अल्फाफोल्डमध्ये युनिप्रॉटचा (प्रथिनांच्या अमिनो आम्ल-क्रमांचा डेटाबेस) क्रमांक पी६८८७१ टाका (टाइप अर्थात रोमन लिपीत करायचं). हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांपैकी बीटा साखळी समोर येते, सुबक, बहुतेक गडद निळी. म्हणजे अंदाज पक्का. पण ती एकटीच. बाकीच्या तीन साखळ्या नाहीत, ऑक्सिजन धरणारा हीम गट नाही, त्यातलं लोह नाही आणि सिकलसेलचा बदलही नाही.

पीडीबीत नुसतं हिमोग्लोबिन लिहिलंत तर शेकडो नोंदी अंगावर येतात. मग फिल्टर लावायचे: सजीव (ऑर्गॅनिझम) म्हणून मानव, रेझोल्यूशन २.५ अँगस्ट्रॉमच्या आत. हा आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट. अशा चाळणीतून २एचबीएस ही नोंद हाती लागते. त्यात सिकल हिमोग्लोबिनचे दोन अख्खे रेणू शेजारी आहेत आणि एकाच्या बीटा साखळीतलं सहाव्या जागेवरचं व्हॅलिन (सिकलसेलचा बदल तो हाच) दुसऱ्याच्या खाचेत, फेनिलॲलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ या अमिनो आम्लांजवळ, रुतलेलं आहे. रेणू एकमेकांना कसे चिकटतात ते इथे डोळ्यांनी दिसतं.

एक खड्डा मात्र सांभाळा. युनिप्रॉट साखळीच्या सुरुवातीचं मेथिओनिन हे अमिनो आम्लही मोजतो, त्यामुळे हीच सहावी जागा अल्फाफोल्डमध्ये सातवी होते. यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

पीडीबीतली प्रत्येक नोंद बावनकशी असते असंही नाही. नोंदीसोबतच्या व्हॅलिडेशन रिपोर्टमध्ये (रचनेच्या दर्जाचा अहवाल) रामचंद्रन आलेखाच्या, म्हणजे साखळीचे कोन शक्य आहेत का ते दाखवणाऱ्या आलेखाच्या, मान्य भागाबाहेर किती अवशेष (अमिनो आम्लं) पडलेत ते आधी बघा. हा आलेख मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन यांच्या गटाने १९६३ साली दिला.

औषधाचा रेणू कुठे बसतो किंवा एखादं उत्परिवर्तन काय करतं हे बघायचं असेल तर माझं मत सरळ पीडीबीला. तुमच्या प्रथिनाची रचना कुणीच सोडवली नसेल तर अल्फाफोल्डला पर्याय नाही, पण रंग बघून. पी५३ या कर्करोग रोखणाऱ्या प्रथिनाचा मधला भाग निळा दिसतो, दोन्ही टोकं बरीचशी केशरी, म्हणजे अंदाज कच्चा. त्या केशरी दोऱ्यावर डॉकिंग (औषधाचा रेणू संगणकावर बसवून बघणं) करत बसू नका.

आरसीएसबी या पीडीबीच्या संकेतस्थळावरच्या शोधात संगणकीय मॉडेलंही दाखवण्याचं एक बटण आहे. पहिल्या फेरीत ते बंद ठेवा, काहीच सापडलं नाही तर चालू करा.